हाताच्या अंदाजाकडून टॉर्क पान्याकडे : बोल्ट आवळण्याच्या तंत्राचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना वाफेचे इंजिन, आगगाडी, मोटार अशा मोठ्या शोधांची नोंद होते. या यंत्रांचे भाग एकत्र धरून ठेवणारा बोल्ट आणि तो आवळणारा कारागीर मात्र बहुधा उपेक्षित राहतो. वास्तविक मोटारीच्या इंजिनाचे हेड नीट बसणे किंवा चाक जागेवर राहणे हे या आवळण्यावरच अवलंबून असते. बोल्ट कमी आवळला तर तो कंपनाने सैल होतो, गॅस्केटमधून वायू व पाणी झिरपू लागते. जास्त आवळला तर आटे जातात, बोल्ट तुटतो किंवा हेडला बाक येतो. 'नेमके किती आवळावे?' या प्रश्नाचे उत्तर एके काळी मिस्त्रीच्या मनगटात होते. पुढे ते दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्यात गेले. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यात कारागिराच्या कौशल्याचे काय झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

आट्यांचे प्रमाणीकरण :
आवळण्याचे प्रमाण ठरविण्यापूर्वी बोल्ट एकसारखे असणे आवश्यक होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमवून त्यांचा अभ्यास केला आणि इ.स. १८४१ मध्ये ५५ अंश कोनाच्या समान आट्यांची पद्धती मांडली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांची, करण्यास अधिक सोपी पद्धती सुचविली. दोन देशांतील हा भेद दुसऱ्या महायुद्धात अडचणीचा ठरला. परिणामी १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी समान आट्यांचा करार केला. आजच्या आंतरराष्ट्रीय मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशच आहे.

समान आट्यांमुळे कोणताही नट त्या मापाच्या कोणत्याही बोल्टवर बसू लागला. परंतु तो किती आवळावा, हा प्रश्न शिल्लकच होता. त्याचे एक अव्यक्त उत्तर पान्याच्या लांबीत दडलेले होते. लहान बोल्टचा पाना आखूड आणि मोठ्या बोल्टचा लांब असल्याने, सामान्य ताकदीच्या माणसाकडून सहसा मर्यादा ओलांडली जात नसे. पान्याच्या दांड्यात नळी अडकवून जोर लावला, की ही मर्यादा मोडे.

आवळण्यामागील शास्त्र :
बोल्ट हा वस्तुतः एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि पूर्ववत होण्याच्या त्याच्या प्रवृत्तीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. ताण व लांबीतील वाढ यांचे प्रमाण सांगणारा रॉबर्ट हुक यांचा नियम १६७८ मध्ये स्पष्टपणे प्रसिद्ध झाला होता. मात्र हा ताण इंजिनावर प्रत्यक्ष मोजणे अवघड असल्याने त्याऐवजी पीळ, म्हणजेच टॉर्क, मोजण्याचा मार्ग पत्करला गेला. पान्यावर लावलेला जोर गुणिले बोल्टपासूनचे अंतर म्हणजे टॉर्क. ३० सेंटिमीटर अंतरावर २० किलोग्रॅमचा जोर दिल्यास तो ६ किलोग्रॅम-मीटर, अर्थात सुमारे ५९ न्यूटन-मीटर भरतो.

टॉर्क पान्याचा उदय :
न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागातील कॉनराड बार यांना १९१८ मध्ये ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. जमिनीखालील नळांच्या जोडावरील बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता. पुढे बार व जॉर्ज फेफर्ली यांनी १९३५ मध्ये, ठरविलेला टॉर्क येताच आवाजाने सूचना देणाऱ्या पान्यासाठी पेटंट अर्ज केला. दुसरीकडे, वाकणारा दांडा व स्थिर काटा असलेल्या साध्या टॉर्क पान्याचे श्रेय मोटार उद्योगातील वॉल्टर क्रायस्लर यांना दिले जाते; पॉल स्टर्टेव्हंट यांनी परवाना घेऊन तो बाजारात आणला. या पान्यात दांड्याच्या वाकण्यावरून टॉर्क वाचला जातो. म्हणजे बोल्टला लागू पडणारा हुक यांचा नियमच येथे मापनासाठी उपयोगात आणलेला दिसतो.

भारतीय संदर्भ :
वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ला येथे प्रथम क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ ही वाहने जुळविली. त्यानंतर फियाट मोटारी तयार केल्या. पहिल्यांचे बोल्ट इंची मापाचे, तर फियाटचे मेट्रिक. त्यामुळे दोन्ही वाहने दुरुस्त करणाऱ्यास पान्यांचे दोन संच बाळगणे भाग होते. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धती स्वीकारली, तरी जुन्या वाहनांचे माप बदलले नाही. हा फरक टॉर्कच्या एककांतही होता. ६० फूट-पौंडांचा आकडा ६० न्यूटन-मीटर समजून आवळल्यास टॉर्क सुमारे एक चतुर्थांशाने कमी पडतो.

आकड्याची मर्यादा :
टॉर्क पान्याने प्रश्न पूर्णपणे सुटला, असे म्हणता येत नाही. लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात आणि सुमारे चार दशांश भाग आट्यांतील घर्षणात खर्ची पडतो. प्रत्यक्ष ताणासाठी उरतो तो जवळपास एक दशांश. साहजिकच आटे गंजलेले असतील तर पान्यावर योग्य आकडा दिसूनही पकड सैल राहते. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांना वापरला, तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक इंजिनांसाठी, प्रथम ठराविक टॉर्क आणि त्यानंतर ठराविक अंशांतून फिरविणे, ही पद्धती रूढ झाली. अशा पद्धतीत कायमचे ताणले जाणारे बोल्ट पुन्हा वापरता येत नाहीत.

याखेरीज आटे स्वच्छ करणे, हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने व दोन-तीन टप्प्यांत आवळणे, पाना झटका न देता ओढणे, ही कामे आजही कारागिराच्या हाताने व जाणतेपणानेच होतात.

निष्कर्ष :
१. समान आट्यांशिवाय आवळण्याचे सर्वमान्य प्रमाण ठरविणे शक्य नव्हते. प्रमाणीकरण हा टॉर्क पान्याचा पूर्वाधार होय.
२. टॉर्क हे बोल्टमधील ताणाचे अप्रत्यक्ष माप आहे. आकड्याची विश्वासार्हता आट्यांच्या स्थितीवर अवलंबून असते.
३. उपकरणाने कारागिराचे कौशल्य संपविले नाही, तर त्याचे स्थान बदलले. पूर्वी ते जोर ओळखण्यात होते. आता ते आकडा खरा ठरेल अशी स्थिती निर्माण करण्यात आहे.

तंत्रशिक्षणात केवळ आकडा पाठ करून घेणे त्यामुळे अपुरे ठरते. आकड्यामागील कारण शिकविले गेले नाही, तर पाना अचूक असूनही काम चुकते आणि त्याचा दोष मात्र हात राबविणाऱ्याच्या माथी येतो.