दीर्घकालीन वेदना : औषधे, व्यायाम आणि पारंपरिक उपचारांचा मेळ

चेन्नई महानगराच्या वायव्य भागातील अंबत्तूर येथे १९६०च्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. वाहनांचे सुटे भाग, यंत्रकाम, तयार कपडे अशा उद्योगांत येथे हजारो कामगार काम करतात. लेथवर तासन्‌तास उभे राहणे, शिलाईयंत्रावर वाकून बसणे किंवा ओझी उचलणे यांमुळे कंबर, मान व खांद्यांवर ताण येतो. दुखणे असह्य झाले की गोळी घेऊन पाळी पूर्ण करायची, हा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. मात्र तो धोक्याचा ठरू शकतो.

दीर्घकालीन वेदना म्हणजे काय?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणतात. मूळ दुखापत भरून आली तरी मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहते आणि वेदना कायम राहू शकते. त्यामुळे वेदना काल्पनिक ठरत नाही. अपुरी झोप, चिंता आणि रोजगार जाण्याची भीती यांमुळे ती अधिक तीव्र होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना

२०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रुग्णास आजाराची माहिती देणे, नियमित व्यायाम, मालिश, मानसोपचार आणि आवश्यकतेनुसार दाहशामक औषधे यांचा त्यांत समावेश आहे. कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा सरसकट वापर करू नये, असेही त्यांत नमूद आहे.

पारंपरिक उपचार

तामिळनाडूत सिद्ध चिकित्सेची परंपरा जुनी आहे. तोक्कणम म्हणजे मर्दन आणि वर्मम म्हणजे विशिष्ट बिंदूंवर दाब देणे, हे त्यातील बाह्य उपचार होत. चेन्नईत तांबरम सॅनेटोरियम येथे राष्ट्रीय सिद्ध संस्था असून अरुंबाक्कम येथे शासकीय योग व निसर्गोपचार महाविद्यालय आहे. योगासने, शेक आणि तज्ज्ञाकडून केलेले मर्दन यांमुळे स्नायूंचा ताण हलका होतो. असे उपचार प्रशिक्षित व नोंदणीकृत चिकित्सकाकडूनच घ्यावेत.

ही काळजी घ्या

• दाहशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण, मूत्रपिंडास इजा व रक्तदाबवाढ संभवते. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.
• घटकांची नोंद नसलेली चूर्णे व गोळ्या टाळाव्यात. अशा औषधांत स्टिरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत.
• आपण घेत असलेली सर्व औषधे, काढ्यांसह, प्रत्येक डॉक्टरांना सांगावीत.
• पूर्ण विश्रांतीने स्नायू दुर्बल होतात. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी आणि कामाच्या जागेची उंची शक्य तेथे बदलून घ्यावी.

पायांतील शक्ती कमी होणे, लघवी-शौचावरील नियंत्रण सुटणे, ताप किंवा अकारण वजन घटणे ही लक्षणे वेदनेसोबत दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात जावे.

कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगारास वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. त्यामुळे मजुरी बुडेल या भीतीने दुखणे अंगावर काढण्यापेक्षा वेळीच उपचार घेणे हिताचे आहे. वेदना पूर्णपणे नाहीशी होईलच असे नाही. परंतु काम, झोप आणि दैनंदिन व्यवहार पूर्ववत होणे हे साध्य होण्याजोगे उद्दिष्ट आहे.