तारापूरचा तट

जानेवारी १७३९. तारापूरच्या तटाबाहेर चिमाजी आप्पांची फौज आणि आत फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, शिबंदी. सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडलं, मराठे आत शिरले आणि हातघाईची लढाई जुंपली. आतले लोकही शर्थीने लढले. मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर इथेच गोळी लागून पडले. २४ जानेवारीला किल्ला हाती आला. पुढे मे महिन्यात वसई सर झाली आणि त्या जयघोषात तारापूरचं नाव मागे पडलं.

हे मी पुस्तकात फार उशिरा वाचलं. त्याआधी माझ्याकडे आजोबा होते. तारापूरशेजारच्या चिंचणीत त्यांनी जन्मभर दागिन्यांचे डाय कोरले. त्यांच्या गोष्टींत पेशवे कमी यायचे. "सुरुंग खणणारी माणसं कुठली असतील गं?" असं मलाच विचारायचे. रात्रीची माती उपसायची, पहारीचा आवाज होऊ द्यायचा नाही, खोकला आला तरी गिळायचा, वर तटावर पहारा जागा. हे सांगताना त्यांचा स्वतःचाही आवाज उतरायचा. आजीच्या गोष्टीत बायका असत. फौज येतेय म्हटलं की पोरं, गुरं, भाताचं बियाणं घेऊन डोंगराकडे निघायचं. फौज आपली की परकी हे कुडाच्या घराला कळत नाही, असं ती म्हणे. यातलं किती घडलेलं आणि किती पिढ्यांनी घडवलेलं, हे मी कधी निवडत बसले नाही. ती भीती मात्र खरी होती, एवढं मला पटलं होतं.

यंदा थंडीत मुंबईचे पाहुणे आले. त्यांना समुद्र हवा होता, जमलं तर किल्लाही. केळव्याला नेलं. सुरूच्या बनातला भुईकोट, जवळच उंट, घोडागाड्या, ताडगोळे. हा कोटही १७३९च्या त्याच जानेवारीत मराठ्यांनी घेतलेला. बुरुजावर चढून पोरं हवेत तलवारी उगारल्यासारखे हात करून फोटो काढत होती. मला ते बघवेना. पण पर्यटकांवर केळव्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटते आणि वाळूत गाडला गेलेला हा कोट गावच्याच तरुणांनी खपून मोकळा केला. त्यांच्या कष्टांपुढे माझ्या अस्वस्थतेचं मोल ते काय? तरीही ती जाईना. इथे माणसं मेली, हे त्या पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं.

परतताना तारापूरला थांबलो. इथे उंट नाहीत. किल्ला पुढे विकाजी मेहरजी या पारशी गृहस्थांकडे इनाम आला आणि आजही खाजगी आहे. घरं तटाला येऊन टेकली आहेत. पाहुणे म्हणाले, इथे बघण्यासारखं काय आहे? मग तटाशी उभं राहून मी आजोबांची गोष्ट सांगितली, अंधारातली, माती उपसण्याची.

पाहुण्यांच्या मुलाने विचारलं, "आत सगळे पोर्तुगीजच होते?"

"नाही रे. त्यांच्या शिबंदीत याच मुलखातले शिपाईही असायचे."

"मग त्यांची नावं?"

बाजी भिवरावांचं नाव उरलं, कारण त्यांच्यासाठी पेशव्यांच्या घरात डोळे पुसले गेले. खणणाऱ्यांची, आत लढून पडलेल्या इथल्या शिपायांची नावं मला सांगता आली नाहीत. मुलगा तटाच्या कडेने चालत राहिला, सुरुंग कुठून लावले असतील ते विचारत. खाडी कोणत्या अंगाला, दरवाजा कुठे, मला ठाऊक होतं तेवढं मी सांगत गेले.