लिंबाची केस

नगर रस्त्याने शिरूरला आणि तिथून आत दौंडकडे निघालात की बांधाबांधावर कडुनिंब दिसतो. तिकडे त्याला नुसतं 'लिंब' म्हणतात. शास्त्राच्या हिशोबात हा महोगनीच्या कुळातला, म्हणजे महागड्या फर्निचरचा गरीब चुलतभाऊच! निंबोळ्या वाळवायच्या, कुटायच्या, पाच किलो भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळायची, थोडं साबणाचं पाणी घालून शंभर लिटर करायचं आणि पिकावर मारायचं. झाला पाच टक्के निंबोळी अर्क.

आता गंमत बघा. सप्टेंबर १९९४ मध्ये युरोपियन पेटंट ऑफिसने अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला एक पेटंट दिलं. कशाचं? कडुनिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी रोखायच्या पद्धतीचं. फवाऱ्यात तेल ०.१ ते १० टक्के. कागदावर हे आपल्या पाण्यातल्या अर्कापेक्षा वेगळंच, आणि सगळी मेख तिथेच होती.

१९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपियन संसदेतल्या ग्रीन गटाच्या माग्दा आलव्हूट आणि जागतिक सेंद्रिय शेती महासंघाच्या लिंडा बुलार्ड यांनी आव्हान दिलं. पण "आमच्याकडे हे आजीच्या काळापासून चालतं" एवढ्यावर पेटंट उडत नाही हो. तारीख लागते, जागा लागते, चार लोकांसमोर केल्याचा पुरावा लागतो. आमच्या धंद्यातलंच बघा ना, कोड आधी कोणी लिहिला हे तोंडी सांगून कोण ऐकतो? कमिटची तारीख दाखव म्हणतात.

आणि इथे आपला जिल्हा कामी आला! अभय फडके यांनी म्युनिकला साक्ष दिली, की १९८५-८६ च्या सुमारास पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर कडुनिंबाच्या अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. ग्रेसचा मूळ अर्ज डिसेंबर १९८९ चा. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं. कंपनीने अपील केलं, तेही ८ मार्च २००५ ला फेटाळलं गेलं. तीन बायकांनी लढलेली केस, निकाल महिला दिनी.. योगायोग भारी आहे.

अमेरिकेत मात्र ही साक्ष चालली नसती. तिथला तेव्हाचा कायदा परदेशातला नुसता वापर धरतच नसे, काहीतरी छापलेलं हवं. तो नियम बदलला थेट २०१३ मध्ये.