हिरोपॉन

मेथ म्हटलं की आपल्याला चोरटी लॅब आणि निळे खडे आठवतात. जपानमध्ये मात्र हे व्यसन औषधाच्या दुकानातून आलं.

नागाई नागायोशी या रसायनशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये माहुआंग या वनस्पतीतून एफेड्रिन वेगळं केलं आणि १८९३ मध्ये त्यापासून मेथॲम्फेटामाइन बनवलं. १९४१ मध्ये ते ‘हिरोपॉन’ नावानं बाजारात आलं. नावाचं मूळ ग्रीक, अर्थ ‘कामाची आवड असलेला’. महायुद्धात ते सैनिकांना आणि रात्रपाळीच्या कामगारांना दिलं गेलं. झोप उडवणं हे तेव्हा देशकार्य होतं.

१९४५ मध्ये जपान हरला आणि लष्कराचा साठा बाजारात पोचला. शहरं बेचिराख, पोटात भूक. अशा वेळी भूक आणि झोप दोन्ही मारणारं औषध स्वस्तात मिळत होतं. मजूर, विद्यार्थी, लेखक, कलावंत, सगळ्यांनाच त्यानं धरलं.

१९५१ मध्ये बंदीचा कायदा आला. तरी १९५४ या एका वर्षात ५५ हजारांहून जास्त लोकांना अटक झाली. मग शिक्षा वाढल्या, कच्च्या मालावर निर्बंध आले आणि काही वर्षांत आकडे झपाट्यानं उतरले. पण १९७० च्या दशकात मेथ परतलं. आता ते दक्षिण कोरियात बनत होतं आणि याकुझा टोळ्या ते विकत होत्या.

एखाद्या प्रदेशातला धोका मोजताना आपण अटका आणि जप्त किलो मोजतो. जपानचा इतिहास त्याआधीचा प्रश्न विचारतो: लोकांना न झोपता राबायला कुणी शिकवलं? टोळ्या नंतर आल्या. सवय आधीच लागलेली होती.