पाथरीची लढाई आणि पंचहजारी सुलतान

इंग्लंडचा राजा आपल्या मर्जीतल्या माणसाच्या खांद्यास तलवार टेकवून त्यास ‘नाइट’ करी; मोगल बादशहा त्यास एक आकडा देई. या आकड्यालाच मनसब म्हणत. दहाच्या मनसबीपासून चढत चढत उमराव पाच हजारांपर्यंत पोचे. त्यापलीकडच्या मनसबी अकबराच्या काळी बहुतेक शाहजाद्यांसाठीच राखलेल्या असत. मानसिंगासारख्या एखाद्यासच तो उंबरठा ओलांडता आला. पंचहजारी म्हणजे पदरी पाच हजार घोडेस्वार असलेला सरदार, अशी समजूत होणे साहजिक आहे. परंतु ती खरी नव्हे. माणसाचा दर्जा व वेतन ठरविणारी ‘जात’ निराळी आणि प्रत्यक्ष बाळगावयाचे ‘सवार’ निराळे, असा भेद पुढे स्पष्ट झाला. जातीचा आकडा हा मुख्यत्वे मानाचा. दरबारात कोणाच्या रांगेत उभे राहावयाचे, हे त्यावरून ठरे. १६६६ साली आग्र्यास शिवाजीमहाराजांचा संताप का झाला, हे ज्यांस आठवते त्यांस या रांगेचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलास जी पंचहजारी आदल्या वर्षीच देण्यात आली होती, तिच्याच रांगेत पित्यास उभे केले गेले!

याच मानाची एक फार करुण कहाणी त्यापूर्वी सत्तर वर्षे आपल्या परभणी जिल्ह्याच्या परिसरात घडली. ती बहुधा चांदबिबीच्या गोष्टीत एखाद्या ओळीत आटोपली जाते, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने सांगतो.

खानदेशचा फारुकी सुलतान राजे अलीखान हा बऱ्हाणपुरास सुमारे वीस वर्षे राज्य करीत होता. माणूस शहाणा आणि सावध. त्याने बांधलेल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, एवढ्यावरून त्याच्या वृत्तीची कल्पना यावी. त्याचे राज्य म्हणजे हिंदुस्थान आणि दख्खन यांमधील दार होते. १५९१ साली अकबराने आपला कवी फैजी यास वकील म्हणून बऱ्हाणपुरास पाठविले. राजे अलीखानाने बादशहाचे वर्चस्व मान्य केले व त्यास पंचहजारी मनसब मिळाली. उमरावाच्या दृष्टीने ही शिखरावरची जागा; पण पिढीजात सुलतानाच्या दृष्टीने पाहिले तर चाकरांच्या यादीत आपले नाव चढले, असाच तिचा अर्थ होत नाही काय?

१५९६ च्या आरंभी अहमदनगरचा वेढा उठला तो वऱ्हाड मोगलांस देण्याच्या तहावर. पाथरीचा मुलूख वऱ्हाडात मोडतो की नाही, यावर लगेच तंटा पेटला. मोगल अंमलदारांनी तहाबाहेर जाऊन पाथरी बळकावली, अशी दख्खनी पक्षाची तक्रार होती. विजापूर, गोवळकोंडा व अहमदनगर अशा तिन्ही फौजा विजापूरचा सेनापती सुहेलखान याच्या हाताखाली चालून आल्या. त्यांस सामोरा गेला खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे दोह्यांमुळे घरोघर ठाऊक असलेला कवी रहीम. आणि त्याच्यासोबत होता राजे अलीखान. १५९७ च्या प्रारंभी गोदावरीच्या खोऱ्यात गाठ पडली. मोगल ग्रंथ पाथरीपासून बारा कोसांवरील आष्टीचे नाव घेतात. फेरिश्ता सोनपेठ म्हणतो.

पहिल्या दिवशी सुहेलखानाच्या तोफखान्याचा व धडक्याचा मोठा भार राजे अलीखानावर आला. तो लढता लढता पडला आणि त्याच्याबरोबर त्याची माणसेही पडली. अंधार झाला. दख्खनी सैन्य आपणच जिंकलो असे समजून लुटीस पांगले. इकडे मोगल छावणीत राजे अलीखान दिसेना. तो पळाला असावा, कदाचित आपल्या जुन्या दख्खनी शेजाऱ्यांस जाऊन मिळाला असावा, असा तर्क निघाला आणि त्या तर्कावर मोगल सैनिकांनी त्याचाच तळ लुटला! दुसऱ्या दिवशी पुन्हा लढाई होऊन सुहेलखान जखमी झाला, त्याचे सैन्य मोडले, आणि मग रणांगणावर राजे अलीखानाचे प्रेत सापडले. ते सन्मानाने बऱ्हाणपुरास नेऊन पुरण्यात आले.

संशयास थोडे कारण होतेच, हे आम्ही नाकारीत नाही. दख्खनच्या सुलतानांशी त्याचे संबंध जुने होते. बुऱ्हाण निजामशहास अहमदनगरचे तख्त मिळवून देण्यात त्याचाच हात होता, जरी त्यात अकबराचीही इच्छा होती. पण पाच हजारांचा आकडा नावापुढे असूनही एका रात्रीपुरतादेखील विश्वास त्याच्या वाट्यास येऊ नये, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुसऱ्या कोणा जुन्या मोगल उमरावाचा तंबू इतक्या लवकर लुटला गेला असता, असे आम्हांस वाटत नाही.

त्याचा मुलगा बहादूरखान याने बापाचा मार्ग सोडला. मनसब काही वतनासारखी वारसास जात नसे. आणि बापाची सेवा ज्या रीतीने मोजली गेली ती पाहिल्यावर मुलाचे मन दुरावले असल्यास नवल नाही. तो अशीरगडावर जाऊन बसला. अकबर स्वतः दक्षिणेत उतरला, वेढा लांबला, आणि १६०१ च्या जानेवारीत गड पडला. बहादूरखान कैदेत गेला, फारुकी घराण्याचे राज्य संपले, आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशास काही काळ ‘दानदेश’ म्हणू लागले. ज्या पाथरीसाठी हा सारा खटाटोप झाला, ती आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून नोंदली गेली आहे.