जित्याची खोड आणि फ्रँकलिनची वही

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल, आणि तेही त्यांच्या पाठीमागे! बेंजामिन फ्रँकलिनबद्दल वाचताना मला ही म्हण सारखी आठवत होती. वीज आणि पतंगाच्या गोष्टीतला तो फ्रँकलिन.

त्याचा जन्म १७०६ चा. तरुणपणी त्याने स्वतःला सुधारायचा चंगच बांधला. अंगी बाणवायच्या गुणांची यादी केली: मिताहार, कमी बोलणं, नीटनेटकेपणा, काटकसर वगैरे. यादी आधी बाराचीच होती. क्वेकर पंथातल्या एका मित्राने सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात. मग तेरावा गुण आला, नम्रता! एका छोट्या वहीत एकेका गुणाला एकेक पान आणि सात वारांचे सात रकाने. चूक झाली की काळा ठिपका. ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोकं पडायला लागली, तेव्हा त्याने पुसता येतील अशी हस्तिदंती पानं वापरली.

काही खोडी गेल्या. "निःसंशय", "नक्कीच" असले शब्द टाकून तो "मला असं वाटतं" म्हणायला शिकला. वस्तू जागच्या जागी ठेवणं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, असं त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवलंय.

पण मला विचारात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्याची सगळ्यात मोठी खोड या वहीत नव्हतीच. त्याच्या घरी गुलाम होते. १७२९ पासून तो चालवत असलेल्या 'पेन्सिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापून येत. गुलामगिरीवर कोरडे ओढणारं बेंजामिन ले यांचं पुस्तकही १७३७ साली त्यानेच छापलं, पण त्यावर छापणाऱ्याचं नाव घातलं नाही. म्हणजे विषय कानावर नव्हता असं नाही. चारचौघं तेच करत होते, म्हणून ठिपका पडला नाही, इतकंच.

ही खोड सुटली ती फार हळूहळू. लोकसंख्येवरच्या १७५१ सालच्या निबंधात त्याने लिहिलं होतं की बहुतेक गुलाम स्वभावतःच चोर असतात. १७६३ मध्ये फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत गेला आणि मुलांची हुशारी बघून आपलं मत बदललं, असं त्याने पत्रात कळवलं. १७६९ च्या आवृत्तीत निबंधातलं ते वाक्यही बदललं. दोष आता गुलामांच्या स्वभावाचा राहिला नाही, गुलामगिरीचा झाला. फरक दोन-चार शब्दांचा, पण त्याला अठरा वर्षं लागली. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता.

१७८७ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, तो पेन्सिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी संपवण्यासाठी पावलं उचला, असा अर्ज त्याच्या सहीने अमेरिकन काँग्रेसपुढे गेला. काँग्रेसने दाद दिली नाही. तेव्हा या आजारी म्हाताऱ्याने मार्चमध्ये गुलामगिरीच्या समर्थकांची टर उडवणारा लेख लिहिला आणि १७ एप्रिलला तो गेला. म्हण खोटी पडली म्हणायची, पण थोडक्यात!

म्हणून त्याला डोक्यावर घ्यावं असं मला वाटत नाही. त्याचे विचार बदलेपर्यंत ज्यांची आयुष्यं राबण्यात गेली, त्यांना ती परत मिळाली नाहीत. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपायला १८६५ साल उजाडावं लागलं.

वय वाढलं की आपणही यादी करतो. गोड कमी करायचं, चिडायचं नाही, मुलांच्या संसारात नाक खुपसायचं नाही... चांगलंच आहे. पण कित्येक घरांत कामाला येणाऱ्या मावशींचा कप अजून वेगळा असतो, आणि तो कुणाच्याच यादीत येत नाही. "आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे" म्हटलं की विषय संपतो. जी सवय सगळ्या घराची असते, ती खोड वाटतच नाही.

तर नातेवाईकहो, रागावू नका. फ्रँकलिनला ऐंशी वर्षांवर आयुष्य मिळालं म्हणून हे जमलं. आपल्याला तेवढं मिळेलच असं नाही. कप उद्या सकाळी बदलता येईल.