निवृत्तीच्या तोंडावरची पदोन्नती

सरकारी नोकरीत अवघड काम बहुधा उशिरा वाट्याला येते, कारण पदोन्नती ज्येष्ठता यादीने चालते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला केंद्रप्रमुख पदाच्या समुपदेशनाचे, म्हणजे केंद्र निवडण्याचे, बोलावणे येते तेव्हा पन्नाशी बहुतेकदा मागे पडलेली असते आणि 58 वे वर्ष दिसू लागलेले असते. गंमत अशी की, बदली धोरण 53 वर्षे पूर्ण केलेल्या शिक्षकाला विशेष संवर्ग भाग 1 मध्ये घालून सवलत देते. आणि त्याच वयात पदोन्नतीची यादी त्याच्यावर दहाएक शाळा सोपवायला निघते. नांदेड जिल्ह्यातल्या आदिवासी भागात, किनवट तालुक्यात, हा पेच अधिक खरा आहे.

घरात आधी पैशाचाच हिशेब होतो. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्यांचे निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या निम्मे. समजा मूळ वेतन 60,000 आहे आणि पदोन्नतीने 3 टक्क्यांची एक वेतनवाढ मिळाली, तर वेतनात 1,800 आणि पेन्शनीत 900 रुपयांची भर पडते; महागाई भत्ता वेगळा. पण 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी आधीच लागू असेल तर एवढेही हाती येईलच असे नाही. आदिवासी भागासाठीची एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणीही (6 ऑगस्ट 2002 चा शासन निर्णय) त्या भागात सेवा असेपर्यंतच. म्हणजे किनवटमधून बाहेरचे केंद्र स्वीकारणाऱ्याने वजाबाकीही मांडली पाहिजे. थोडक्यात, पैशासाठी हे पद घेण्यात अर्थ नाही.

कामाचे स्वरूप मात्र पुरते बदलते. वर्गात शिक्षकासमोर मुले असतात. केंद्रप्रमुखासमोर मुख्याध्यापक, माहितीचे तक्ते आणि रस्ते. इस्लापूर, मांडवी, बोधडी या बाजूंना गावे डोंगर-जंगलात विखुरलेली. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की दुचाकी अलीकडे उभी करून पाणी उतरायची वाट पाहायची, आणि तेवढ्यात तालुक्याहून फोन येतो: ‘‘सर, दोन वाजेपर्यंत माहिती पाठवा.’’ पाड्यावर पोहोचावे तर पहिलीतली मुले घरी कोलामी, गोंडी नाहीतर गोरमाटी बोलणारी. वीस-पंचवीस वर्षे याच भागात काढलेल्या शिक्षकाला हे ठाऊक असते. कोणता नवा शिक्षक मुलांच्या बोलीला बिचकतो, कोणत्या तांड्यावरची मुले दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हे त्याला तक्त्यावाचून कळते. उशिरा आलेल्या माणसाची खरी पुंजी ही. वय हा इथे तोटा नाही.

तोटा आहे तो अधिकाराचा. शाळेत शिक्षक कमी असेल तर केंद्रप्रमुख नेमू शकत नाही, गळक्या छपराला निधी देऊ शकत नाही. वर कळवू शकतो. याउलट रेल्वे अभियंता ई. श्रीधरन यांचे पाहा: 1990 साली ते भारतीय रेल्वेतून निवृत्तीच्या वयाला आले आणि त्याच वर्षी कोकण रेल्वे महामंडळाची सूत्रे त्यांनी घेतली. मार्ग 1998 मध्ये पूर्ण खुला झाला. हे उदाहरण उतारवयातल्या जिद्दीचे म्हणून सांगितले जाते. मला त्यात जिद्दीइतकेच महत्त्वाचे वाटते ते हे की, अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक म्हणून निर्णय त्यांच्या हातात होते. जबाबदारी वाढते आणि अधिकार तिथेच राहतो, अशी पदोन्नती पन्नाशीनंतर रक्तदाबच वाढवते.

तरीही सरसकट नकार मला पटत नाही. निवृत्तीला तीन वर्षे असतील आणि केंद्र ओळखीच्या टापूतले असेल, तर होकार द्यावा: पहिले वर्ष शाळा समजून घेण्यातच जाते, उरलेल्या दोनात दोन-तीन शाळा तरी सावरता येतात. वर्ष-दीड वर्षच उरले असेल, तर शाळा आणि वर्ग सोडू नये. लेखी नकार द्यावा आणि त्याची लाज बाळगू नये. तो नकार देण्याआधी त्याचा पुढच्या लाभांवर काय परिणाम होतो, हे मात्र आस्थापना शाखेत विचारून घ्यावे.

समुपदेशनाला निघण्यापूर्वी केंद्रातल्या शाळांची यादी मागवा, किती पदे रिक्त आहेत ते पाहा, आणि शक्य झाल्यास जुलै-ऑगस्टमध्ये एकदा सगळ्यात दूरच्या शाळेपर्यंत जाऊन या.